गावचा भाव आणि जत्रेचा भाव

मनुष्याच्या सदाचरणाला बहुधा एक वेस असते. वेशीच्या आत जो धर्म तो निष्ठेने पाळतो, तोच वेशीबाहेर त्यास अनावश्यक वाटू लागतो. आणि यात आपण काही वावगे करीत आहोत, अशी शंकाही त्याच्या मनास शिवत नाही. मक्तेदारीविरोधी कायदे आणि परराष्ट्रीय व्यापार यांसारख्या रुक्ष विषयावर लिहावयास बसलो असता हा नीतिविचार प्रथम का सुचावा, असे वाचक विचारतील. त्याचे कारण एका जत्रेत आहे, आणि ती हकीकत आधी सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आमचे बाळपण एका लहानशा देवस्थानच्या गावी, काकांच्या घरी गेले. काकांचे देवळाच्या वाटेवर किराण्याचे दुकान होते. तराजूच्या दांडीला त्यांनी कधी बोट लावले नाही. उधारीच्या वहीत कोणाच्या नावावर पैसाही जास्त मांडला नाही. पावसाळ्यात एखाद्या घरी चूल पेटत नाही असे कळले, तर रात्री गुपचूप ज्वारी पोचवणारे ते गृहस्थ होते. परंतु दर वर्षी चैत्रातल्या जत्रेच्या आधी आठ दिवस गावातले सातआठ दुकानदार देवळाच्या ओसरीवर जमत. पानसुपारी होई, आणि नारळ, गुलाल, खोबरे, साखरेच्या गाठी यांचे जत्रेपुरते भाव ठरत. कोणी कोणापेक्षा कमी भावाने विकावयाचे नाही, असा शब्द देवासमोर दिला जाई. त्या ठरावाचे आणखी एक कलम होते, आणि ते सर्वांत कसोशीने पाळले जाई: गावच्या माणसाला हा भाव लावावयाचा नाही.

आम्ही दहा वर्षांचे असू. जत्रेच्या दिवशी गल्ल्याजवळ बसून सुटे पैसे देण्याचे काम आमच्याकडे होते. गावात दोन रुपयांस मिळणारा नारळ त्या दिवशी साडेतीनला होता. एक वृद्ध बाई नातवाला घेऊन आली. भाव ऐकून तिने पदराची गाठ सोडली, पैसे दोनदा मोजले, नारळ हातात घेऊन कानाशी हालवून पाहिला, आणि परत ठेवला. ती शेजारच्या दुकानी गेली, तेथून त्याच्या पुढच्या दुकानी गेली. भाव सगळीकडे तोच. शेवटी ती नुसती फुले घेऊन देवळाकडे वळताना आम्हांस दिसली. आम्ही विचारले, “काका, तिला गावच्या भावाने का नाही दिला?” काका रागावले नाहीत. अगदी सहज म्हणाले, “अरे, ती आपल्या गावची नव्हे.”

त्या उत्तराने त्या दिवशी आमचे समाधान झाले, हे येथे कबूल केले पाहिजे. पुढे आमच्या कॉलेजची फी ज्या पैशातून भरली गेली, त्यातला मोठा भाग जत्रेच्या त्या चार दिवसांचा होता, हेही कबूल केले पाहिजे.

आता गेली पंचवीस वर्षे आम्ही अर्थशास्त्र शिकवीत आहोत. अमेरिकेच्या १८९० सालच्या शर्मन कायद्याचे व्याख्यान आम्ही दर वर्षी देतो, आणि खरे सांगावयाचे तर ते आमचे आवडते व्याख्यान आहे. तेल, साखर, तंबाखू यांचे उत्पादक एकत्र येऊन भाव ठरवू लागले. तेव्हा ओहायोचे सिनेटर जॉन शर्मन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि व्यापाराला अडसर घालणारे प्रत्येक संगनमत गुन्हा ठरले. १९११ साली रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलचे तुकडे करण्याचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने दिला, ही कथा ऐकताना मागच्या बाकांवरची मुलेही जागी राहतात. दोन वर्षांपूर्वी व्याख्यान संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, हा कायदा अमेरिकेच्या गिऱ्हाइकाला वाचवतो. पण तेच व्यापारी एकत्र येऊन आपल्याला माल विकतील, तर आपल्याला कोण वाचवणार?” आम्ही तास संपल्याचे निमित्त केले. घरी जाताना मात्र काकांचे वाक्य आमच्या कानांत वाजू लागले.

प्रथम आम्ही आमच्या जुन्या ग्रंथांकडे वळलो, कारण व्यापाऱ्यांचे संगनमत हे काही विलायतेहून आलेले पाप नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील कंटकशोधन या अधिकरणात माल अडवून ठेवणाऱ्या किंवा एकजुटीने अयोग्य भावाने विकणाऱ्या वाण्यांना एक हजार पणांचा दंड सांगितला आहे. त्याच प्रकरणात स्वदेशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० इतका नफा ठरवून दिलेला आहे. याज्ञवल्क्य स्मृतीही अशा वाण्यांना उत्तमसाहस, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीचा दंड फर्मावते. पण आम्हांस थबकविले ते त्या स्मृतीवरील मिताक्षरेने. ज्या टीकेच्या आधारे आमच्याकडच्या कित्येक घरांच्या वाटण्या झाल्या, तीच ही मिताक्षरा. टीकाकार विज्ञानेश्वर, कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिताना, या श्लोकाचा अर्थ असा लावतो की, देशांतराहून आलेला माल सर्व वाणी मिळून कमी भावाने मागतात व आणणाऱ्याची कोंडी करतात, तोही हाच अपराध होय. म्हणजे परगावचा मनुष्य नाडला गेला तरी दंड तोच! नऊशे वर्षांपूर्वीच्या या पंडिताने न्यायाची वेस जरा पुढे सरकवली होती. तथापि त्याच्या दृष्टीतही तो परका मनुष्य आपल्या बाजारात येऊन उभा असतो. आपल्या व्यापाऱ्यांनी दूरच्या बाजारात जाऊन तेथल्या लोकांस नाडले तर काय, हा प्रश्न त्याच्यापुढे आला नाही.

तो प्रश्न अमेरिकेपुढे आला, आणि तिने त्याला दिलेली उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. शर्मन कायद्याच्या शब्दांत परराष्ट्रांशी चालणारा व्यापारही येतो. परंतु १९०९ साली मध्य अमेरिकेतील केळीच्या मळ्यावरून एक दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. युनायटेड फ्रूट या बलाढ्य कंपनीने कोस्टा रिकाच्या सैनिकांकरवी आपला मळा बळकावला, अशी लहान कंपनीची तक्रार होती. न्यायमूर्ती होम्स यांनी निर्णय दिला की, कृत्य जेथे घडले तेथल्या कायद्याने त्याचा न्याय व्हावा. अमेरिकेचा कायदा तेथवर पोचत नाही. १९४५ साली न्यायाधीश लर्नेड हँड यांनी ॲल्युमिनियमच्या प्रसिद्ध खटल्यात याच्या उलट दिशेने पाऊल टाकले. १९३१ साली स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या एका कंपनीच्या आडून फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड, कॅनडा वगैरे देशांतील उत्पादकांनी उत्पादनाचे हिस्से वाटून घेतले होते. करार परदेशात झाला, करणारे परदेशी. तरीही त्याचा हेतू आणि परिणाम अमेरिकेच्या बाजारावर होत असेल, तर अमेरिकेचा कायदा त्यांस धरील, असे हँड म्हणाले. ‘परिणामाचे तत्त्व’ म्हणून पुढे जगभर मान्यता पावलेले तत्त्व ते हेच.

येथवरची कथा उज्ज्वल आहे. पण तिच्या मधोमध, १९१८ साली, त्याच अमेरिकेच्या काँग्रेसने वेब-पॉमेरीन नावाचा कायदा केला. त्याचा आशय असा की, केवळ निर्यातीसाठी उत्पादकांनी संघ केला, त्याची सरकारदरबारी नोंद केली आणि देशातील भावांस धक्का लावला नाही, तर शर्मन कायदा त्यांस लागू नाही. याचा अर्थ उघड आहे. आमच्याविरुद्ध परक्यांनी संगनमत केले तर तो गुन्हा. परक्यांविरुद्ध आमच्या लोकांनी केले तर त्याची नोंदणी होते. आम्ही हा कायदा वाचून खाली ठेवला आणि डोळ्यांसमोर देवळाची ओसरी उभी राहिली. तीच पानसुपारी, तोच ठराव, आणि तेच कलम: गावच्या माणसाला हा भाव लावावयाचा नाही.

हा कायदा नुसता पुस्तकात राहिला असता, तर त्याची एवढी चर्चा नको होती. पण त्याच्या छत्राखाली वाढलेला एक संघ आपल्या दारापर्यंत आला, आणि तोही सोड्यासारखी क्षुल्लक वाटणारी वस्तू घेऊन. सोडा ॲश ही ती वस्तू. काच तिच्यावाचून होत नाही, आणि धुण्याच्या पुडीतही तिचा मोठा वाटा असतो. अमेरिकेच्या वायोमिंग संस्थानात ग्रीन रिव्हरजवळ जमिनीच्या पोटात ट्रोना नावाच्या खनिजाचे जगातील सर्वांत मोठे साठे आहेत, आणि त्यापासून सोडा स्वस्तात निघतो. आपल्याकडे तो बहुतांशी गुजरातच्या किनाऱ्यावर मीठ आणि चुनखडी यांपासून रासायनिक क्रियेने करावा लागतो. वायोमिंगच्या उत्पादकांनी १९८३ साली निर्यातीसाठी ‘अन्सॅक’ नावाचा संघ स्थापिला. युरोपच्या आयोगाने १९९० च्या डिसेंबरात या संघास आपल्या बाजारात संघ म्हणून विक्री करण्याची सवलत नाकारली. आपल्याकडे १९९६ साली तो आला, तेव्हा देशी अल्कली उत्पादकांच्या संघटनेने मक्तेदारी आयोगाकडे धाव घेतली, आणि १९९७ च्या मार्चमध्ये आयोगाने मनाईहुकूम दिला. पण १७ जुलै २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. १९६९ च्या आपल्या मक्तेदारी कायद्याला देशाबाहेर हात पोचवण्याचा अधिकार विधिमंडळाने दिलेला नव्हता; परदेशात झालेला करार आयोग मोडू शकत नाही, हे त्या निर्णयाचे सार होते.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. या खटल्यात तक्रार करणारे गिऱ्हाईक नव्हते. देशी कारखानदार होते, आणि परका सोडा महाग नव्हे तर स्वस्त पडतो, हे त्यांचे दुःख होते. स्वस्त माल ग्राहकाच्या हिताचाच असतो, याकडे न्यायालयाने बोट दाखविले, आणि परक्याने भाव पाडून देशी धंदा बुडविला तर त्यासाठी जकातीच्या कायद्यात निराळा उपाय आहे, असेही सांगितले. ते खोटे नव्हे. मक्तेदारीविरोधाचे नाव घेऊन आपलीच मक्तेदारी राखू पाहणारे लोक प्रत्येक देशात असतात. पण म्हणून मूळ प्रश्न सुटत नाही. आज एकजुटीने भाव उतरवू शकणारा उद्या एकजुटीने तो चढवूही शकतो, आणि त्या दिवशी दाद कोणाकडे मागावयाची, हे त्या निर्णयानंतर आपल्या लोकांस ठाऊक नव्हते. दक्षिण आफ्रिकेतही याच संघाविरुद्ध बोट्स्वानाच्या एका उत्पादकाने लढा दिला. तेथे अनेक वर्षे खटला चालून २००८ साली संघाने कायदाभंग कबूल केला, ९७ लक्ष रँड दंड भरला आणि तो बाजार सोडला. एकच संघ, एकच करार. एका देशात नोंदणीकृत, दुसऱ्यात दंडित, तिसऱ्यात अस्पर्शित.

याच सुमारास जीवनसत्त्वांचे प्रकरण गाजले. रोश, बीएएसएफ इत्यादी कंपन्यांनी जवळजवळ दहा वर्षे जगभरातील जीवनसत्त्वांचे भाव आपसांत ठरविले होते. १९९९ साली अमेरिकेत गुन्हा कबूल करून रोशने ५० कोटी आणि बीएएसएफने २२.५ कोटी डॉलर दंड भरला. मग युक्रेन, इक्वेडोर, पनामा, ऑस्ट्रेलिया येथील खरेदीदार म्हणाले, आम्हीही तोच चढा भाव दिला आहे, आम्हांसही भरपाई द्या. २००४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तुमचे नुकसान अमेरिकेतील नुकसानीहून स्वतंत्र असेल, तर त्याची दाद येथे मागता येणार नाही; प्रत्येक देशाने आपापल्या लोकांपुरता न्याय करावा. या निर्णयामागे दुसऱ्या राष्ट्रांच्या अधिकारात ढवळाढवळ नको, हा विवेक होता, आणि तो आम्हांस पटतोही. परंतु ज्या देशात असा कायदाच नाही, किंवा आहे पण त्याला बळ नाही, तेथील खरेदीदाराने काय करावे? त्याच्या वाट्यास काकांचे वाक्यच येते.

वाचक म्हणतील, हे सारे परक्यांचे दोष झाले. आम्हांसही तसेच म्हणून लेख संपविता आला असता, आणि तो अधिक गोड लागला असता. पण २००२ सालीच आपल्या संसदेने नवा स्पर्धा कायदा केला, आणि त्याची दोन कलमे आम्ही त्या विद्यार्थिनीपुढे ठेवली. कलम ३२ म्हणते की, करार देशाबाहेर झाला असला तरी त्याचा भारतातील स्पर्धेवर परिणाम होत असेल, तर आपला आयोग चौकशी करील. हँडसाहेबांचे तत्त्व आपण घेतले, हे योग्यच झाले. २००९ सालापासून या कायद्याची संगनमतविरोधी कलमे अंमलात आली. पण कलम ३ चे पाचवे पोटकलम वाचावे. केवळ निर्यातीपुरता असलेला करार त्या कलमाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे! त्याला वेब-पॉमेरीनसारखी नोंदणीही लागत नाही. विद्यार्थिनीने दोन्ही कलमे वाचली, थोडे थांबली आणि म्हणाली, “म्हणजे सर, आपणही तेच करतो.” आम्ही या वेळी तास संपल्याचे निमित्त केले नाही.

सोड्याच्या कथेचा शेवटही असाच आहे. २००८ साली टाटा केमिकल्सने वायोमिंगमधील एक मोठा सोडा कारखाना विकत घेतला, आणि त्याबरोबर तिची ती अमेरिकन कंपनी पुढे बरीच वर्षे त्याच निर्यातसंघाची सभासद राहिली. त्यात बेकायदा काही नव्हते. तेथील कायद्याने दिलेली सवलत तेथील कारखान्याने घेतली. आम्ही हे कोणास नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. ज्याच्या विरुद्ध आज आपण दारात उभे राहून ओरडतो, त्याच्या ओसरीवर उद्या आपणांस जागा मिळाली, तर आपणही पान घेतो, इतकेच त्यातून दिसते.

यावर एक आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. दुर्बळ देशाच्या लहान उत्पादकांनी परदेशच्या बलाढ्य खरेदीदारांपुढे एकेकटे उभे राहावे काय? आमच्या महाराष्ट्रात द्राक्षबागायतदारांच्या सहकारी संस्थांनी १९९१ साली एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ स्थापिली. शीतगृहे, प्रतवारी, जहाजाची भाडी हा खर्च वाटून घेतला, आणि युरोपच्या बाजारात पाय ठेवला. हा गुन्हा म्हणावयाचा काय? मुळीच नाही. खर्च वाटून घेणे निराळे आणि भाव बांधून घेणे निराळे. जत्रेच्या वेळी आमच्या गावच्या दुकानदारांनी मिळून एक गाडी नारळ आणले असते, तर ते स्वस्त पडून त्या बाईसही लाभ झाला असता. दोष गाडी एकत्र आणण्यात नव्हता. तिला तिसऱ्या दुकानीही तोच भाव ऐकावा लागला, यात होता. कायद्याने पहिल्यास मोकळीक द्यावी आणि दुसऱ्यास देऊ नये. ही रेषा देशी व्यापारात न्यायाधीश रोज ओढतात; सरहद्दीपलीकडे ती ओढता येणार नाही, असे मानण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

मग ती ओढली का जात नाही? प्रयत्न झाले नाहीत असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर हवाना येथे १९४७-४८ साली राष्ट्रांची परिषद भरली. मार्च १९४८ मध्ये ५३ राष्ट्रांनी सही केलेल्या सनदेत जागतिक व्यापार संघटनेची योजना होती, आणि तिचे एक संपूर्ण प्रकरण व्यापारी संगनमताविषयी होते. अमेरिकेच्या काँग्रेसने ती सनद कधीच मान्य केली नाही, आणि १९५० च्या अखेरीस ट्रूमन सरकारने तिचा नाद सोडला. जकातींविषयीचा गॅट करार तेवढा उरला. सरकारांनी घातलेले अडसर दूर करावयाचे त्याने ठरविले. व्यापाऱ्यांनी घातलेल्या अडसरांस कोणी विचारावयाचे, हा प्रश्न तसाच राहिला. १९९५ साली जिनिव्हात नवी संघटना आली. १९९६ च्या सिंगापूर परिषदेत या विषयासाठी अभ्यासगट नेमला गेला. २००३ साली कानकून येथे बोलणी फिसकटली, आणि २००४ च्या उन्हाळ्यात हा विषय वाटाघाटींतून काढून टाकण्यात आला. तो नको म्हणणाऱ्यांत आपला देश अग्रभागी होता. नियमांच्या नावाखाली आपल्या बाल्यावस्थेतील धंद्यांची दारे उघडली जातील, ही भीती निराधार नव्हती. पण त्या भीतीपायी निर्यातसंघांना आवर घालण्याची मागणीही आपण सोडून दिली, याचा खेद होतो.

आमची अपेक्षा फार मोठी नाही. जगाचे एकच न्यायालय व्हावे, असे स्वप्न आम्ही पाहत नाही. प्रत्येक राष्ट्राने आपल्या कायद्यातील ते एक कलम तेवढे काढावे, किंवा निदान अशा करारांची उघड नोंद ठेवून ज्या देशाच्या गिऱ्हाइकांवर त्यांचा परिणाम होतो, त्याच्या आयोगास ती दाखवावी. प्रत्येकजण म्हणतो, दुसऱ्याने आधी काढावे. आपण आधी काढले तर बुडू काय, याचा हिशेब मात्र कोणी मांडून पाहिलेला आमच्या वाचनात नाही.

काकांविषयी शेवटचे. जवळच्या मोठ्या क्षेत्री ते दर वर्षी यात्रेस जात. एके वर्षी परत आल्यावर ओसरीवर पिशवी ठेवता ठेवता ते काकूंना म्हणाले, “त्या गावचे दुकानदार लुटारू आहेत. पाच दुकाने फिरलो; नारळाचा भाव सगळ्यांचा एकच.” काकू आत पाणी आणावयास गेल्या. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो, आणि सुटीत घरी आलो होतो. बोलण्याची ती वेळ होती. पण फीची दुसरी रक्कम भरावयाची होती, आणि आम्ही बोललो नाही. काका जाऊन आता बरीच वर्षे झाली. ती बाई नारळावाचून देवळाकडे वळली, ते आमच्या डोळ्यांपुढून गेलेले नाही.